आत्म्याचा वेग ताशी १२५ किमी निघतोय, गणित तपासून द्या

झिरोमाईल
मंडळी, गेल्या महिन्यात नात्यातल्या एका घरी रोज संध्याकाळी गरुडपुराण चालू होतं. बाकीचे डोळे पुसत होते आणि मी मोबाइलवर आकडे उतरवून घेत होतो. बायको अजून नीट बोलत नाहीये, पण आकडे सोडवत नव्हते.

गरुडपुराणाच्या सारोद्धारात म्हटलंय की यममार्गाची लांबी, वैतरणी सोडून, ८६,००० योजने आहे. प्रेत दिवसरात्र चालतं आणि रोज २४७ योजने कापतं. आता योजन म्हणजे किती? आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वीचा व्यास १,०५० योजने दिला आहे. आज आपण तो १२,७४२ किमी धरतो. म्हणजे एक योजन साधारण १२.१ किमी. रोजचे जवळजवळ ३,००० किमी, ताशी १२५. एकूण पल्ला १०.४ लाख किमी, चंद्राच्या अंतराच्या पावणेतीन पट.

माझे प्रश्न असे: योजन बरोबर धरलंय का? वाटेत १६ नगरं लागतात, तिथले थांबे यात धरायचे की नाही? आणि एवढ्या प्रवासाला ऊर्जा कुठून येते? आत्मा आहे की नाही हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी दुसरे शंभर धागे आहेत. फक्त गणित बघा.

तर्रीबाज
१२५? समृद्धीवर कारले १२० ची मर्यादा हाय भाऊ. चलान वारसाईच्या मोबाइलवर येईन. आधी बुढ्याचं कर्ज फेडा, मंग हे फेडा.

धरमपेठी
वर्ध्याच्या पुढे कॅमेरे आहेत म्हणतात. आत्मा फोटोत येतो का, हा वेगळा धागा.

गणितवाली_काकू
झिरोमाईल, योजन एकच नाही हो. सूर्यसिद्धांतात पृथ्वीचा व्यास १,६०० योजने आहे. त्या हिशेबाने योजन जेमतेम ८ किमी, वेग ताशी ८२ आणि अंतर पावणेसात लाख किमीच्या थोडं वर. म्हणजे तुमचं चलान रद्द.

पण खरी गंमत वेगळीच आहे. ८६,००० भागिले २४७ म्हणजे ३४८ दिवस. हा आकडा योजन कितीही लांबीचं धरा, बदलत नाही. तेव्हा तपासायचं असेल तर दिवस तपासा, किलोमीटर नव्हे. प्रवास तेराव्याला सुरू होतो. १३ आणि ३४८ मिळून ३६१. सौर वर्षाचे ३६५ धरले तर चार दिवस उरतात. ते वैतरणीला द्या. मला तर हे फारच व्यवस्थित बसवलेलं वाटतंय, कुणीतरी आधी वर्ष ठरवलं आणि मग २४७ काढले.

महालातला_भाचा
काकू, पण वर्षश्राद्ध तिथीने होतं ना? चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं. म्हणजे इकडे वर्षश्राद्धाची पंगत उठली तेव्हा आजोबा अजून सात दिवस लांब, रस्त्यात. पोचायच्या आधीच घरच्यांनी हात धुतले.

गणितवाली_काकू
अधिक मास आला तर पोचतात की! त्या वर्षी ३८४ दिवस मिळतात. म्हाताऱ्यांनी मुहूर्त बघूनच जावं, दुसरं काय.

पुणेकर_सध्या_नागपुरात
मुळात काव्यातल्या अतिशयोक्तीला मोजपट्टी लावणं हीच मूलभूत चूक आहे.

तर्रीबाज
आले. म्हटलं अजून काऊन नाही आले.

संत्राबर्फी
😂 पण वैतरणीचं चार दिवसांचं गणित कुणी पुरं केलं नाही. ती १०० योजने रुंद आहे, गाईचं शेपूट धरून पार करायची. चार दिवस म्हणजे ९६ तास, ताशी साधारण एक योजन. काकूंचं छोटं योजन घेतलं तरी गाय ताशी ८ किमीच्या वर पोहतेय. ऑलिंपिकमध्ये ५० मीटरची शर्यत जिंकणारे तेवढ्याच वेगाने जातात, तेही वीस-एकवीस सेकंदच. ही गाय चार दिवस न थांबता, आणि मागे माणूस लोंबकळतोय.

शिवाय गोदानात प्रत्यक्ष गाय किती जण देतात? आमच्याकडे गुरुजींनी पाटावर सुपारी ठेवून घेतली आणि वर रोख. आता सुपारीचं शेपूट कुठे धरायचं ते कुणी सांगा. सुपारी तर पाण्यात बुडते.

बुटीबोरी_पॅसेंजर
वैतरणीत पू, रक्त, मांसाचा चिखल असं वर्णन आहे. इतक्या सेंद्रिय घाणीत विरघळलेला ऑक्सिजन शून्य, त्यामुळे त्यात ज्या मगरी आणि मासे सांगितलेत ते जगणार नाहीत. मगरीचं एक वेळ चालेल, ती वर येऊन श्वास घेते. माशांचं काय? नाग नदीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाचा हा प्रामाणिक प्रश्न आहे.

निरीक्षणवही
धागाकर्त्याने वाद नको म्हटलंय, म्हणून फक्त मोजमापाबद्दल लिहितो. आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, त्याचं मूळ अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरच्या १९०७ सालच्या लेखात आहे. मॅसेच्युसेट्समधल्या हेवरहिलला त्याने मरणासन्न रुग्णांचा पलंगच काट्यावर ठेवला. रुग्ण एकूण सहा. दोघांची मापं त्यानेच बाद केली. उरलेल्यांत २१ ग्रॅम म्हणण्यासारखा आकडा एकाच माणसाचा. मग १५ कुत्र्यांवर तेच केलं, वजन घटलं नाही, तर निष्कर्ष काय काढला? कुत्र्यांना आत्मा नाही. काटा बरोबर आहे का, मृत्यूचा नेमका क्षण कोणता, घाम आणि श्वासातून किती गेलं, हे प्रश्न मागेच पडले.

एका रुग्णावरून २१ ग्रॅम ठरवणं म्हणजे मे महिन्यात एका केंद्रावरचा आकडा बघून नागपूर ५६ अंशांवर गेलं म्हणणं. ३० मे २०२४ आठवतो ना? सगळ्या वाहिन्यांवर ५६, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता.

तर्रीबाज
सेन्सर नव्हता बिघडला. मी त्या दिवशी दुपारी गाडीवर बर्डीले गेलो होतो. ५६ च होतं.

अत्तदीप
निरीक्षणवही, मॅकडूगल फार उशिरा आला. हा प्रयोग आपल्याकडे कितीतरी आधी नोंदला गेलाय. दीघनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात पायासि सुत्त आहे. सेतव्या नगरीचा पायासि नावाचा सत्ताधारी म्हणतो, परलोक नाही, आणि नुसतं म्हणत नाही, पुरावे देतो. त्याच्या प्रयोगांची यादी आजच्या प्रबंधात शोभेल. मरणाऱ्या नातेवाइकांना त्याने सांगून ठेवलं की नरकात गेलात तर परत येऊन सांगा. कुणी आलं नाही. पुण्यवानांनाही तेच सांगितलं, तेही आले नाहीत. एका चोराला जिवंत रांजणात घालून तोंड ओल्या कातड्याने बंद केलं, वर मातीचा लेप दिला, भट्टीवर ठेवलं. मेला असं कळल्यावर रांजण खाली उतरवून हळूच तोंड उघडलं आणि जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहत बसला. काही दिसलं नाही. (नैतिक परवानगी समिती त्या काळी नव्हती.)

आणि मग वजन! चोराला जिवंतपणी तोललं, धनुष्याच्या दोरीने गळा आवळून मारलं, पुन्हा तोललं. मॅकडूगलच्या बरोबर उलटा निकाल: मेल्यावर माणूस जड भरला. यावर त्याच्याशी वाद घालणारा भिक्खू कुमार कस्सप त्याला काय उत्तर देतो? लोखंडाचा गोळा तापलेला असताना हलका असतो, थंड झाला की जड. हे कारण आजचं पदार्थविज्ञान मान्य करणार नाही, पण वादातला पवित्रा बघा. कस्सप मापावर शंका घेत नाही, मापाचा अर्थ बदलतो.

बाकी माझं म्हणाल तर आम्हा बौद्धांकडे कायमचा आत्मा ही भानगडच नाही. मिलिंदप्रश्नात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला सांगतो, एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून दुसऱ्यात काही सरकत गेलं का? त्यामुळे ताशी १२५ ने नेमकं काय चाललंय, हा तुमच्या गणितातला पहिलाच प्रश्न असायला हवा. पण तुम्ही वाद नको म्हणालात, मी थांबतो.

झिरोमाईल
थांबू नका हो. नातेवाईक परत का आले नाहीत, त्याचं कस्सपने काय सांगितलं?

अत्तदीप
नरकातल्यांचं सोपं: पकडलेल्या चोराने "घरी सांगून येतो" म्हटलं तर शिपाई सोडेल का? स्वर्गातल्यांचं जास्त चांगलं आहे. तावतिंस देवलोकातला एक दिवस-रात्र म्हणजे माणसांची १०० वर्षं. तिथे पोचलेला म्हणतो, दोन-तीन दिवस जरा मजा करतो, मग जाऊन पायासिला सांगतो. तोवर इकडे पायासि कुठे असणार?

संत्राबर्फी
म्हणजे माझे पणजोबा १९७५ ला गेले, त्यांना तिथे जाऊन अर्धाच दिवस झालाय. सकाळी पोचले असतील तर आता कुठे संध्याकाळचा चहा. उगीच दर पितृपक्षात "विसरले आपल्याला" म्हणून आजी रडते.

गणितवाली_काकू
अत्तदीप, तुम्ही आज माझा स्वयंपाक करपवला. १०० वर्षांचा एक दिवस म्हणजे काळ ३६,५२५ पट मंद. सापेक्षतेने हे फक्त वेगामुळे घडवायचं तर तो देवलोक प्रकाशाच्या वेगापेक्षा सेकंदाला फक्त ११ सेंटिमीटर कमी वेगाने पळत असायला हवा. अकरा सेंटिमीटर! मुंगीसुद्धा एवढा फरक पार करेल की काय असं वाटतं. तिथे ताशी १२५ ने निघालेला आत्मा कधीच पोचणार नाही. म्हणजे यममार्ग आणि तावतिंस यांचं एकमेकांशी कनेक्शन नाही, वेगळं तिकीट.

पुणेकर_सध्या_नागपुरात
काळ गुरुत्वाकर्षणानेही मंदावतो, हे सोयीस्करपणे विसरलं जातंय.

गणितवाली_काकू
तेवढा मंदावायला कृष्णविवराच्या अगदी काठाला घर घ्यावं लागेल. देव तिथे का राहतील? तुम्ही राहाल?

पुणेकर_सध्या_नागपुरात
मी मे महिन्यात नागपुरात राहतोय.

धरमपेठी
+१. पहिल्यांदा पटलं.

नवतपा
उष्णतेचा विषय निघालाच आहे तर. १९७२ मध्ये 'अप्लाइड ऑप्टिक्स' या गंभीर नियतकालिकात निनावी विनोदी टिपण आलं होतं. बायबलच्या यशया ग्रंथात स्वर्गात चंद्राचा प्रकाश सूर्याएवढा आणि सूर्याचा सातपट होईल, तोही सात दिवसांच्या प्रकाशाइतका, असं आहे. ४९ अधिक १ म्हणजे पृथ्वीच्या ५० पट प्रकाश. तापमान चौथ्या मुळाने वाढतं, म्हणून स्वर्ग ५२५ अंश सेल्सिअस. नरकात वितळलेल्या गंधकाचं सरोवर आहे, म्हणजे तापमान गंधकाच्या उत्कलनबिंदूच्या खाली, ४४५ च्या आत. सबब स्वर्ग नरकापेक्षा गरम.

आपल्या नरकांना हीच पद्धत लावून बघितली. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरक आहेत. त्यात कालसूत्र म्हणजे १०,००० योजने परिघाची तांब्याची सपाट जमीन, खालून अग्नी आणि वरून सूर्य. तांबं १,०८५ अंशांना वितळतं, आणि जमीन वितळली असं कुठे म्हटलेलं नाही. म्हणजे कमाल मर्यादा मिळाली. कुंभीपाकात उकळतं तेल आहे. तेल खरं तर पाण्यासारखं उकळायच्या आधी धूर सोडायला लागतं. रिफाइंड शेंगदाणा तेल धरलं तर २३० च्या आसपास धूर. जवसाचं घाणीचं तेल असेल तर फारच लवकर. त्यामुळे कुंभीपाकात दिसत काहीच नसणार, नुसता धूर आणि खोकला.

एक अडचण आहे. आर्यभटाच्या योजनात पृथ्वीचा परिघ ३,३०० च्या आसपास योजने येतो. कालसूत्र त्याच्या तिप्पट. ते पृथ्वीच्या पोटात बसत नाही.

तर्रीबाज
एवढं तांबं! भंगारवाला मुद्दाम पाप करून जाईन.
अन सावजीत जेवलेल्या माणसाले कुंभीपाकात टाकून फायदा काय? तो म्हणीन, तेल बरं हाय, तिखट कमी हाय.

महालातला_भाचा
यममार्गावरच्या १६ नगरांत बारावं सुतप्तभवन, चौदावं पयोवर्षण, पंधरावं शीताढ्य. मे, जुलै, डिसेंबर. नागपूरकराचा आत्मा तिथे उतरून विचारणार, आपण निघालो का अजून?

संत्राबर्फी
मला कावळ्याबद्दल विचारायचंय. दशक्रियेला पिंडाला कावळा शिवत नाही, मग कुणीतरी पुढे होऊन म्हणतं "नातीचं लग्न आम्ही करू, काळजी नको" आणि लगेच शिवतो. हे मी स्वतः अंबाझरी घाटावर पाहिलंय. याचं काय?

निरीक्षणवही
मीही पाहिलंय, आणि त्या दिवशी पिंडाकडे न बघता माणसांकडे बघत उभा राहिलो. आधी सगळे पिंडाला कोंडाळं करून उभे. पानावर पांढरा भात, वर काळे तीळ, बाजूला आजोबांची आवडती जिलेबी. कावळे कडुलिंबावर. कावळा नव्या वस्तूला आणि गर्दीला बिचकतो. मग थोरल्या सुनेने हात जोडून वचन दिलं. वचन देताना माणूस नमस्कार करून चार पावलं मागे सरकतो, त्याच्या आदराने बाकीचेही सरकतात, आणि सगळे गप्प होतात. कावळ्याला तेवढंच हवं होतं. वचनाचा परिणाम होतो, पण तो आमच्या पायांवर.

गणितवाली_काकू
सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात मुखवटे घालून कावळे पकडले होते, ते कावळे पुढे कितीतरी वर्षं तोच मुखवटा दिसला की कलकलाट करायचे. चेहरे लक्षात ठेवतात. घाटावरचे कावळे तर जावयांना ओळखतच असणार.

झिरोमाईल
मग चाचणी करू. दोन पिंड, एक नावाने ठेवलेला, एक निनावी. कुठला कुणाचा हे नातेवाइकांना माहीत नको, गुरुजींनाही नको. चिठ्ठ्या काढून.

धरमपेठी
निनावी पिंडाला कावळा आधी शिवला तर घरात जी भांडणं होतील त्याचा विमा काढा.

बुटीबोरी_पॅसेंजर
अवांतर: आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये दर उन्हाळ्यात भूत यायचं. मागच्या खोलीत झोपलं की छातीवर दडपण, डोळ्यांच्या कोपऱ्यात करडं काहीतरी हलायचं. हिवाळ्यात कधीच नाही.

निरीक्षणवही
त्या खोलीत कूलर होता का?

बुटीबोरी_पॅसेंजर
होता. लोखंडी, मोठा. एक पातं वाकलेलं, खिडकी थरथरायची.

निरीक्षणवही
इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या विक टँडी नावाच्या अभियंत्याने १९९८ मध्ये असाच अनुभव छापला होता. प्रयोगशाळेत थंडी, भीती, करडी आकृती. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात अडकवलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना दिसलं. शोधल्यावर नवा एक्झॉस्ट पंखा सापडला. खोलीत १९ हर्ट्झच्या आसपासची, कानाला न ऐकू येणारी लहर उभी राहिली होती. सगळ्यांना हे स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही, पण पंख्यात बदल केल्यावर त्याचं भूत गेलं.

तर्रीबाज
म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीत भूत हाय. मार्च ते जून.

संपादक
चर्चा छान चालू आहे. कुणाच्या घरच्या विधींची थट्टा होत नाहीये ना एवढं प्रत्येकाने लिहिताना बघावं. दोन प्रतिसाद काढले आहेत, दोन्ही पुण्याबद्दलचे होते.

गणितवाली_काकू
मूळ प्रश्नाचा तिसरा भाग राहिलाय, ऊर्जेचा. निरीक्षणवही ओरडतील, पण गंमत म्हणून २१ ग्रॅम धरते. ताशी १२५ ला लागणारी गतिज ऊर्जा जेमतेम १३ ज्यूल. भाताच्या एका शितात याच्या कितीतरी पट असते. खरा खर्च पृथ्वीच्या ओढीतून बाहेर पडायचा. किलोमागे सुमारे ६.२५ कोटी ज्यूल, म्हणजे २१ ग्रॅमला १३ लाख. आहाराच्या भाषेत ३१० किलोकॅलरी. शिजलेला भात १०० ग्रॅमला १३० धरा: पाव किलो भात!

आता दहा दिवसांचे दहा पिंड मोजा. गरुडपुराणात पहिल्या पिंडाने डोकं, मग मान-खांदे, असं करत दहाव्याला भूक-तहान लागते आणि हातभर देह तयार होतो. थ्रीडी प्रिंटिंग म्हणा. तेवढं वजा करूनही चंद्राच्या पलीकडे जायला भात उरतो. झिरोमाईल, इंधन पुरतंय.

निरीक्षणवही
ओरडतो. २१ हा आकडाच नाही, त्यावर उभं केलेलं १३ लाखही नाही. आणि यमदूत सोबत असतात, त्यांचं वजन कुठे धरलं?

गणितवाली_काकू
ते सरकारी कामावर आहेत. त्यांचा भत्ता वेगळा.

अत्तदीप
जगात वर्षाला साधारण सहा कोटी माणसं जातात, सेकंदाला दोघं. प्रत्येकी दोन दूत आणि ३४८ दिवसांची जायची वाट. परतीला तेवढेच धरले तर एका वेळी २० कोटींच्या वर दूत रस्त्यावर. भरती कुठल्या आयोगामार्फत होते?

महालातला_भाचा
जाहिरात निघाली की इथे टाका. माझं वय अजून बसतं.

झिरोमाईल
सगळ्यांचे आभार. माझ्यापुरता निकाल: वेग ८२ ते १२५, दिवस ३४८ पक्के, भात पुरतो, गाईबद्दल शंका कायम. बायकोला हे दाखवलं. ती म्हणाली, तेराव्याच्या स्वयंपाकाला किती किलो तांदूळ लागले ते तुला माहीत आहे का? माहीत नव्हतं.

तर्रीबाज
मी घाटावरच्या गुरुजीले दोन पिंडाच्या प्रयोगाचं विचारून आलो. तयार हायेत. दुहेरी चाचणी हाय म्हणून दक्षिणाबी दुहेरी म्हणाले.

निरीक्षणवही
पावती मागा.